सांगलीतील काळ्या जमिनीवरची फरसबंदी : एका स्थानिक ठेकेदाराचे काम, दोन पावसाळ्यांनंतर

सांगली-मिरज रस्त्यालगतच्या वसाहतीतील आमच्या घरासमोर फाटकापासून गाडी उभी करण्याच्या छपरीपर्यंत आणि तिथून मागच्या दारापर्यंत सुमारे एक हजार चौरस फूट अंगण आहे. २०१७ मध्ये तिथे पहिल्यांदा पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा आम्ही फक्त ब्लॉकचा रंग आणि नक्षी निवडली. खाली काय घातले जाते हे विचारलेही नाही. दोन वर्षांत गाडीच्या चाकांच्या रेषेत दोन लांब चऱ्या पडल्या, पावसाळ्यात त्यांत पाणी साचू लागले आणि उन्हाळ्यात मधले ब्लॉक हलून चालताना पाय मुडपू लागला. आईला त्या अंगणात काठी घेऊनही चालता येईना, तेव्हा सगळे उखडून नव्याने करायचे ठरवले. हे काम एप्रिल आणि मे २०२४ मध्ये झाले. त्यावरून दोन पावसाळे गेले आहेत, म्हणून आता त्याबद्दल ठामपणे लिहिता येते.

तीन ठेकेदारांशी बोललो. पहिल्या दोघांनी फोनवरच दर सांगितले, चौरस फुटाला एकाने ९५ आणि दुसऱ्याने १०५ रुपये. त्यांत जुने ब्लॉक काढणे, कच (दगडाचा बारीक चुरा) पसरणे आणि नवे ब्लॉक बसवणे एवढेच होते. तिसरे ठेकेदार, ज्यांना आम्ही अखेर काम दिले, स्वतः आले आणि दर सांगण्याआधी त्यांनी जुन्या चरीतले चार ब्लॉक काढून दोन फूट खोल खड्डा खणायला लावला. त्यात दीड इंच कच, त्याखाली जेमतेम तीन इंच मुरूम आणि मग थेट काळी माती निघाली. कृष्णाकाठची ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आकसून हात आत जाईल अशा भेगा टाकते. तिच्या पाठीवर तीन इंच मुरूम टिकणार नाही, हे त्यांनी खड्डा दाखवून समजावले. "नुसते वरवरचे बदलायचे असेल तर मला बोलावू नका," असे ते स्वच्छ म्हणाले. काम त्यांना द्यायचे, हे माझ्या मनात तिथेच ठरले.

त्यांचा दर होता चौरस फुटाला १७५ रुपये आणि वर वस्तू व सेवा कर. पहिल्या दोघांच्या मानाने तो फार वाटला, पण त्यांनी तो एका कागदावर थरांनुसार फोडून दिला होता : दीड फूट खोदाई आणि मातीची वाहतूक, तळाला तीन इंच मुरूम, त्यावर नऊ इंच दगडी सोलिंग (हाताने रचलेल्या मोठ्या दगडांचा थर), फटी भरायला आणि वरून सपाट करायला अडीच इंच मुरूम व बारीक खडी, सव्वा इंच कच आणि मग ब्लॉक. प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबायचा आणि तो पाहिल्याशिवाय पुढचा टाकायचा नाही, असेही त्यात लिहिले होते. दर मागताना ही फोड लेखी मागावी, कारण दोन दरांतला फरक बहुतेक वेळा जमिनीखालच्या थरांतच असतो आणि तो नंतर डोळ्यांना दिसत नाही.

ब्लॉकच्या बाबतीत मात्र आमचे मतभेद झाले. जुन्या अनुभवाने पोळल्यामुळे मला ८० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक हवे होते. ठेकेदारांचे म्हणणे असे की घरगुती गाड्यांसाठी ६० मिलिमीटर पुरेसे असतात. जाडीवर घालायचे पैसे सोलिंगमध्ये घालावेत. मी पडताळून पाहिले, तर पेव्हर ब्लॉकसंबंधीच्या भारतीय मानक १५६५८ च्या २००६ च्या आवृत्तीतही वाहनतळ आणि निवासी वसाहतींसारख्या हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर जाडी आणि एम-३५ ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत सुचवलेली आहे. आपल्या बिलाची रक्कम वाढवणारी मागणी ठेकेदाराने स्वतःहून परतवून लावावी, हे मला फार मोलाचे वाटले. त्यांनी आग्रह धरला तो ब्लॉक यंत्रावर दाबून बनवलेले असावेत याचा. रबरी साच्यात ओतलेले चकचकीत ब्लॉक दुकानात सुंदर दिसतात, पण गुळगुळीत पृष्ठभागामुळे ते पावसात निसरडे होतात, आणि घरात वयस्क माणूस असताना तो धोका का पत्करावा? कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात ते मला सोबत घेऊन गेले आणि २८ दिवस पूर्ण झालेल्याच थप्पीतून माल उचलला. काँक्रीटला अपेक्षित ताकद यायला तेवढे दिवस धरले जातात. घाईत ताजा माल उचलला, तर कडा हातातच तुटतात.

आकार विटेसारखा, २०० बाय १०० मिलिमीटरचा घेतला, कारण तो काटकोनात एकमेकांत अडकवून बसवता येतो. सरळ ओळींत लावलेले ब्लॉक चाकाच्या वळण्याने आणि ब्रेकने हळूहळू पुढे सरकतात. अशा काटकोनी मांडणीत प्रत्येक ब्लॉकला शेजारचा अडवतो. एकूण सुमारे ४,७०० ब्लॉक लागले. कापाकापीत तुटणाऱ्यांसाठी थोडे जास्तीचे आणले होते आणि उरलेले चाळीस-पन्नास त्यांनी परत न नेता आमच्या गच्चीवर रचून ठेवले. पुढे एखादा फुटला तर त्याच रंगाचा मिळणे कठीण, असे कारण त्यांनी दिले, आणि ते खरे आहे.

खालच्या थरांचे काम मी रोज उभा राहून पाहिले आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. सोलिंगचा काळा दगड हाताने उभा रचला गेला, मोठ्या फटींत लहान कपच्या ठोकल्या गेल्या आणि मगच वरून मुरूम आला. नेमाने पाणी मारले गेले. डंपर आला की ब्रास (शंभर घनफुटांचे माप) मोजायला ते स्वतः मला बोलावत. एक गोष्ट मात्र आज मी वेगळी करेन : काळी माती आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड घालायला सांगेन, म्हणजे ओल्या मातीचा चिखल मुरुमात वर चढत नाही. ठेकेदारांनी ते सुचवले नाही आणि मला तेव्हा ठाऊक नव्हते.

आता त्रुटींकडे येतो. सोलिंग पूर्ण होण्याआधीच त्यांची माणसे दुसऱ्या कामावर गेली आणि आठ दिवस फिरकली नाहीत. अर्धे अंगण खणलेले, मेचा दुसरा आठवडा, आणि नेमका त्याच वेळी वळवाचा पाऊस आला. उघड्या खड्ड्यात पाणी भरले, काळ्या मातीचा गारा झाला, आईला चार दिवस घराबाहेर पाऊल टाकता आले नाही. ठेकेदारांचा फोन लागे, पण "उद्या पाठवतो" याखेरीज उत्तर मिळेना. परत आल्यावर त्यांनी भिजलेला थर खरवडून टाकला आणि नवा मुरूम स्वखर्चाने भरला, हे मान्य करायला हवे. तरीही एका वेळी दोन कामे घेण्याची ही सवय ग्राहकाला फार महाग पडते. काम सुरू झाल्यावर माणसे हलवायची नाहीत, हे वाक्य करारात असते तर बरे झाले असते.

दुसरी त्रुटी उताराची. पाणी फाटकाकडे आणि बागेतल्या शोषखड्ड्याकडे जावे, यासाठी ५० फुटांना एक फूट उतार ठरला होता. लेव्हल ट्यूबने (पातळी मोजायच्या पाण्याच्या नळीने) त्यांनी दोऱ्या नीट बांधल्या, पण छपरीच्या कोपऱ्यात गवंड्याने कमी पडलेली उंची कच जास्त घालून भरून काढली. कच हा ब्लॉकला बैठक देणारा थर आहे, खड्डा भरण्याचा माल नव्हे. जाड झाला की तो चाकाखाली दबतोच. मी पाण्याचा पाइप सोडून पाहिले, तेव्हा त्या कोपऱ्यात ओंजळभर पाणी साचून राहिले. मुकादमांनी वाद घातला नाही. सुमारे साठ चौरस फूट ब्लॉक उचलले, कच काढून खाली खडी-मुरूम दाबला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुन्हा बसवले. पैसे देण्याआधी पाइप सोडून बघण्याचा हा एक तास कुणीही टाळू नये.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते कामगारांच्या सुरक्षेच्या हेळसांडीने. कडेचे ब्लॉक कापताना दोन तरुण मुले कोरड्या कटरसमोर तोंडाला काही न बांधता बसली होती आणि त्यांचे केस-भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. काँक्रीटच्या या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेल्याने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. मी मास्क आणून दिले आणि पात्यावर पाणी सोडायला लावले, पण ही व्यवस्था ठेकेदारांची असायला हवी होती. चांगले काम करणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा मी अधिकच ठेवतो आणि त्यांना तसे स्पष्ट सांगितलेही.

मापाच्या वेळी त्यांनी १,०३६ चौरस फूट धरले होते. त्यात कडुनिंबाभोवती मोकळे सोडलेले चार बाय चार फुटांचे आळे आणि ड्रेनेजची दोन चेंबर्सही मोजली गेली होती. ती २४ चौरस फूट वजा करून १,०१२ वर हिशेब झाला आणि करासह सुमारे २ लाख ९ हजारांचे पक्के बिल मिळाले. त्या आळ्याबद्दल त्यांचे आभार मानतो, कारण आम्ही खोडापर्यंत ब्लॉक न्यायला सांगितले होते आणि त्यांनी नकार दिला. झाडाला पाणी मिळाले नसते आणि वाढत्या मुळांनी ब्लॉक उचलले असते. रस्त्याकडेच्या गटारावर काँक्रीटचा अखंड उतार ओतण्याऐवजी उचलता येणारी लोखंडी जाळी टाकली, हाही त्यांचाच निर्णय. गटार महापालिकेचे आहे, साफसफाईला ते उघडता आलेच पाहिजे.

पैसे देण्याचे टप्पे असे ठरले होते : ३० टक्के आगाऊ, ४० टक्के सोलिंग दाबून झाल्यावर, २५ टक्के ब्लॉक बसल्यावर आणि उरलेले ५ टक्के पावसाळा संपल्यावर. शेवटच्या अटीवर ते क्षणभर थांबले होते, पण सही केली. तिचा उपयोग झाला. पहिल्या पावसाळ्यात चाकांच्या रेषेत काहीच खचले नाही, मात्र बागेच्या बाजूला त्यांनी कर्ब स्टोनऐवजी (कडेला रोवायच्या तयार काँक्रीट दगडांऐवजी) नुसत्या सिमेंट मसाल्याची कड ओढली होती; ती तडकली, ब्लॉक बागेकडे सरकू लागले आणि फटी बोटभर रुंद झाल्या. ऑक्टोबरमध्ये कळवल्यावर चौथ्या दिवशी ठेकेदार स्वतः दोरी घेऊन आले. त्यांनी सगळ्या अंगणाची पातळी तपासली, बागेची कड काढून काँक्रीटमध्ये कर्ब स्टोन बसवले, सरकलेल्या चार ओळी उचलून पुन्हा रचल्या आणि फटींत बारीक वाळू भरून प्लेट व्हायब्रेटर फिरवला. जादा पैसे मागितले नाहीत. राखून ठेवलेले ५ टक्के मी त्याच संध्याकाळी दिले.

मागच्या फेब्रुवारीत पाण्याची भूमिगत नळी फुटली, तेव्हा प्लंबरने तीस-पस्तीस ब्लॉक उचलून दुरुस्ती केली आणि ठेकेदारांच्याच मुकादमांनी अर्ध्या दिवसात ते परत बसवले. आज ती जागा दाखवायची म्हटले तरी मला सापडत नाही. दुसरा पावसाळाही संपला. उत्तरेकडच्या सावलीत शेवाळ धरते, ते महिन्याने एकदा खराट्याने घासावे लागते. आई सकाळी फाटकापर्यंत काठीशिवाय चालत जाते आणि वर्तमानपत्र घेऊन येते.