संस्थेसाठी शेतजमीन घेताना दाखवले गेलेले ‘८८ ब’चे प्रमाणपत्र

पुण्यात मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या एका नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचा मी विश्वस्त आहे. मुळशी तालुक्यात थोडी शेतजमीन घ्यावी, असा ठराव आम्ही केला तेव्हा एका मध्यस्थाने संपर्क साधला. न्यास शेतकरी नसताना खरेदी कशी होईल, हे आम्ही पहिल्याच बैठकीत विचारले. धर्मादाय संस्थांना कूळ कायदा, म्हणजे कुळांचे हक्क आणि शेतजमिनीची खरेदी-विक्री यांविषयीचा कायदा, लागूच होत नाही, असे ठामपणे सांगून त्याने दुसऱ्या एका संस्थेचे, त्या कायद्यातून सूट देणाऱ्या कलम ८८ ब खालील प्रमाणपत्र दाखवले आणि तसेच आमच्या नावे काढून देण्यासाठी ‘सरकारी खर्च’ व जमीनमालकांसाठी विसार (सौद्याची आगाऊ रक्कम) अशा दोन्ही रकमा घेतल्या.

प्रत्यक्षात ८८ ब ची सवलत शैक्षणिक संस्था, रुग्णालय, गोशाळा, पांजरपोळ किंवा सार्वजनिक देवस्थान यांच्या मालकीच्या जमिनींसाठी आहे. ती नवी शेतजमीन खरेदी करण्याची परवानगी नव्हे. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि तीशिवाय झालेला व्यवहार कलम ८४ क खाली अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. दस्त नोंदवला गेला म्हणजे हा दोष धुऊन निघतो, हा समज तर फारच घातक आहे.

पुढे आमच्या न्यासाच्या नावाचे प्रमाणपत्र हाती आले. त्याच्या झेरॉक्सवर गट क्रमांकाचे आकडे बाकीच्या मजकुराहून किंचित जाड होते आणि त्यांची ओळ खाली झुकलेली होती. गोल शिक्का मात्र त्या आकड्यांच्या खालून गेलेला दिसत होता, म्हणजे शिक्का आधीचा आणि आकडे नंतरचे. माहिती अधिकारात विचारले असता तो जावक क्रमांक वेगळ्याच प्रकरणाचा असल्याचे कळले. सातबाऱ्यावरील सहहिस्सेदारांना भेटलो, तर विसार कोणालाच पोहोचला नव्हता आणि त्यांपैकी दोघांना विक्रीचा विषयही माहीत नव्हता. वसतिगृहासाठी लोकांनी विश्वासाने दिलेल्या देणग्या अशा लुबाडल्या गेल्या, याची चीड अजून शमलेली नाही.

जाब विचारल्यावर त्या मध्यस्थाने नवा मार्ग सुचवला: शेतकरी असलेल्या एका विश्वस्ताच्या नावे खरेदी करावी आणि ती पुढे संस्थेकडे वळवावी. आम्ही तो साफ नाकारला, कारण त्या विश्वस्तांच्या पश्चात जमिनीवर वारस हक्क सांगतील आणि संस्थेकडे हस्तांतर करताना कलम ६३ पुन्हा आडवे येईलच.

पोलिसांत तक्रार दिली असून चौकशी सुरू आहे. सध्या असा प्रस्ताव कोणत्याही संस्थेपुढे असेल, तर परवानगीचा अर्ज संस्थेने स्वतःच्या सहीने जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल करावा, आदेशाची प्रमाणित नक्कल तिथूनच घ्यावी, विसार सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या असलेल्या नोंदणीकृत साठेखतावर (विक्रीच्या करारावर) आणि थेट त्यांच्या बँक खात्यांतच द्यावा, आणि परवानगी नाकारली गेल्यास तो परत मिळेल, ही अट त्या साठेखतात लिहून घ्यावी.