अन्ननलिकेचा तापमान-प्रोब: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि एका खिट्टीविषयी

छत्रपती संभाजीनगरच्या ज्या कॅथलॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे, तिथे एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याच्या) अब्लेशनसाठी, म्हणजे लय बिघडवणारी ऊती उष्णतेने जाळताना, अनेक सेन्सरचा अन्ननलिकेचा प्रोब (आत घालून तापमान मोजणारी नळी) गेल्या पावसाळ्यापासून वापरात आहे. त्याविषयी लिहायचे राहून जात होते. पण अलीकडे त्याच्या जोडणीच्या केबलने मान टाकली आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

प्रोब कशासाठी लागतो हे जाणकारांना सांगायला नको: जाळताना हृदयामागची अन्ननलिका तापते का, हे पाहण्यासाठी. तरीही एक गोष्ट नमूद करतो, कारण नवे तंत्रज्ञ तिथेच फसतात. सलाइनने थंड राहणाऱ्या कॅथेटरच्या (ऊती जाळण्यासाठी हृदयात नेलेल्या नळीच्या) टोकावरचा आकडा हे ऊतीचे तापमान नव्हे. पडद्यावर ४० अंश दिसत असताना पृष्ठभागाखाली एक-दोन मिलिमीटरवर ऊती ५० अंशांपलीकडे, म्हणजे कायमची निकामी होण्याइतकी तापलेली असते, आणि १०० अंशांजवळ आत वाफ होऊन ती फुटते तेव्हाही टोकाचा आकडा शांतच असू शकतो. म्हणून इम्पिडन्स (ऊतीचा विद्युत-विरोध) किती ओहमने उतरला आणि टोकाचा दाब किती ग्रॅम आहे, यांवर भिस्त ठेवावी लागते. पण डाव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याच्या) मागच्या भिंतीला टेकलेल्या अन्ननलिकेची खबर यांतले काहीच देत नाही. तिथे फिस्टुला (अन्ननलिका आणि हृदय यांना जोडणारे भोक) क्वचितच होतो, पण झाला तर रुग्ण हाती लागणे कठीण.

एका सेन्सरचा जुना प्रोब कमी पैशांत मिळत असताना, बीड-परभणीकडून उसनवारी करून आलेल्या कुटुंबाच्या बिलावर हा खर्च कशाला टाकायचा, असे माझे मत होते. मग केबलच्या टोकाची प्लास्टिकची खिट्टी तुटली. जोडणी जरा हलली की आकडे जाऊन नुसत्या रेघा उमटत. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने खिट्टी निरखली आणि ती सुटी मिळत नाही, अख्खी केबल घ्यावी लागेल, शिवाय अशी मोडतोड वॉरंटीत बसत नाही, असे सांगून तो चहा पिऊन गेला. कोटेशन आल्यावर आमच्या स्टोअरकीपरनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले.

केबल येईपर्यंत जुना प्रोब वापरायला काढला आणि मत बदलले. कॅथेटर फुफ्फुसाच्या वरच्या शिरेकडून खालच्या शिरेकडे गेला की एकुलता सेन्सरही सरकवायचा. भूलतज्ज्ञ नळी ओढणार, आम्ही फ्लोरो (चालता एक्स-रे) मारून जागा पाहणार, तोवर डॉक्टर थांबलेले. सेन्सर थोडा जरी बाजूला राहिला तरी आकडा ३६.५ वर निवांत बसतो आणि त्या निवांतपणाचीच भीती वाटते. अनेक सेन्सरमध्ये ही ओढाताण जवळजवळ नाही.

ऊर्जा बंद केल्यावरही आकडा काही सेकंद चढतो, कारण भिंतीतली उष्णता मागाहून झिरपत येते आणि प्रोबलाही तापायला वेळ लागतो. त्यामुळे आम्ही अलार्म ३९ ऐवजी ३८ वर लावतो, डॉक्टरांना ती घाई वाटली तरी. प्रोब लावल्याने जखमा कमी होतातच असे सर्व अभ्यासांत दिसलेले नाही, हेही ध्यानात असावे.

नवी केबल आली आहे आणि ट्रॉलीच्या चाकाखाली येऊ नये म्हणून तिला वेगळा डबा केला आहे. खिट्टी सुटी विकावी, असे कंपनीला लिहिले, उत्तर नाही. खरेदी करणाऱ्यांनी एक जादा केबल करारातच लिहून घ्यावी.