फाराबी आधी वाचायचा की इब्न रुश्द?

दोघेही मध्ययुगातले इस्लामी तत्त्वज्ञ, दोघांची मुळं प्लेटोतच आहेत, राज्य शहाण्या माणसानं चालवावं हे दोघांनाही मान्य, त्यामुळे एक वाचला की दुसरा नाही वाचला तरी चालेल असं वाटतं, पण तसं अजिबात नाहीये.

फाराबीनं आदर्श शहरावरचं पुस्तक बगदादमध्ये सुरू केलं आणि ९४२-४३ च्या सुमारास दमास्कसला संपवलं. त्याचं शहर म्हणजे निरोगी शरीर, राजा म्हणजे हृदय. राजाच्या अंगी १२ गुण हवेत, स्मरणशक्ती, खऱ्याची आवड, पैशाचा मोह नको वगैरे, आणि एवढं सगळं एकाच माणसात सापडणं अवघड हेही तोच सांगतो. अडचण एकच, पुस्तक ईश्वर, ग्रहतारे, आत्मा इथून सुरू होतं आणि शहर यायला खूप पानं जातात. पण त्याचा एक विचार मला फार मोलाचा वाटतो. जिथे ज्याला जे हवं ते करायला मोकळीक आहे असं शहर तो अज्ञानी, म्हणजे खरं सुख कशात आहे हे न कळलेल्या, शहरांतच धरतो, तरी दुसऱ्या एका ग्रंथात म्हणतो की तिथे सगळ्या तऱ्हेची माणसं वाढतात, म्हणून तत्त्वज्ञही तिथे निपजू शकतात.

इब्न रुश्द कॉर्डोबाचा, जन्म ११२६, स्वतः काझी. ॲरिस्टॉटलचं राजकारणावरचं पुस्तक हाती लागलं नाही म्हणून प्लेटोच्या 'रिपब्लिक'वर भाष्य लिहिलं, त्याचं मूळ अरबी हरवलं, हिब्रू भाषांतर तेवढं राहिलं. हा माणूस थेट आपल्या काळाकडे बोट दाखवतो. अल-मुराबित या त्याच्या आधी स्पेनवर राज्य केलेल्या घराण्याचा पहिला राजा कायद्यानं वागला, मुलगा मानाच्या नि पैशाच्या मागे लागला, नातू चैनीत बुडाला आणि राज्य गेलं. बायकांबद्दल तर तो म्हणतो की त्याही तत्त्वज्ञ आणि राज्यकर्त्या होऊ शकतात, पण आमच्या शहरांत त्यांना फक्त मुलं जन्माला घालायला आणि वाढवायला ठेवलंय, त्या झाडासारख्या झाल्यात, आणि शहरांच्या गरिबीचं हे एक कारण आहे. बाराव्या शतकात, एका काझीनं लिहिलंय हे!

इब्न बाज्जा हा स्पेनमधलाच आणखी एक तत्त्वज्ञ, तो तिसरा ठेवा, चांगलं शहर नशिबी नसेल तर एकट्या शहाण्यानं कसं जगावं हा त्याचा विषय.

म्हणून न्यायी राज्यकारभार हाच प्रश्न असेल तर आधी इब्न रुश्दच. नंतर फाराबी घ्याल तेव्हा सरळ शरीर आणि हृदयाच्या प्रकरणाला हात घाला, ग्रहतारे मागून वाचले तरी चालतात.