जिनिंगच्या काट्यावर आठ महिने : सिरीयल केबल, कनेक्टर आणि कनव्हर्टर यांचा वापरानंतरचा अनुभव

राळेगाव तालुक्यातील एका जिनिंगमध्ये वजनकाट्याची आणि पावत्यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या दसऱ्याला कापसाची आवक सुरू होताच काट्याचा जुना संगणक कायमचा बंद पडला. त्याच्या पाठीमागे नऊ पिनांचे सिरीयल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी जुन्या पद्धतीची खाच, होते. नव्या संगणकाला केवळ यूएसबी आहे. काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) मात्र तोच राहिला आणि तो आरएस-२३२ या जुन्या सिरीयल पद्धतीखेरीज दुसरी भाषा जाणत नाही. बाहेर बैलबंड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग लागलेली असताना वजन हाताने टिपून पावती करणे म्हणजे कास्तकाराच्या मनात शंकेला जागा देणे होय. त्यामुळे जे मिळेल ते जोडून काम सुरू केले आणि पुढचे आठ महिने ते दुरुस्त करण्यात गेले.

पहिला यूएसबी-सिरीयल कनव्हर्टर बिननावाचा आणि स्वस्त होता. तो चालला, परंतु साफसफाईनंतर कोणी त्याला शेजारच्या यूएसबी खाचेत लावले की विंडोजने त्याला दिलेला पोर्ट क्रमांक कॉम-३ चा कॉम-५ होई आणि पावतीच्या प्रोग्रामला काटा सापडत नसे. डिसेंबरात नागपूरला सीताबर्डीवरून एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२आर चिपचा कनव्हर्टर आणला. या चिपमध्ये स्वतःचा अनुक्रमांक साठवलेला असतो, म्हणून खाच बदलली तरी विंडोज तिला पूर्वीचाच कॉम क्रमांक देते. सीएच३४० चिपचे कनव्हर्टरही वजनासारख्या कामाला पुरेसे आहेत. मात्र त्यांची खाच ठरवून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवावी. तिप्पट किंमत मोजल्याचा मला पश्चात्ताप नाही, पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो : आमच्या अडचणींपैकी यूएसबी कनव्हर्टरमुळे आलेली ही एवढीच होती. बाकी सर्व वायरीत, जोडणीत आणि सेटिंगमध्ये होत्या.

इंडिकेटरपासूनची वायर आमच्या इलेक्ट्रिशियनने जोडली. तो कामाचा पक्का आहे, परंतु त्याच्या डोक्यात जुन्या पंचवीस पिनांचा नकाशा होता. त्या कनेक्टरवर संगणकाची पाठवण्याची पिन २, घेण्याची ३ आणि ग्राउंड ७ असते. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून रुळलेल्या नऊ पिनांच्या कनेक्टरवर नेमके उलटे आहे : २ वर संगणक घेतो, ३ वरून पाठवतो, ग्राउंड ५ वर असते आणि ७ ही आरटीएसची (पाठवण्याची परवानगी मागणाऱ्या संकेताची) पिन असते. त्याने ग्राउंड ७ वर जोडल्यामुळे पडद्यावर काहीच उमटेना. तेव्हापासून मी नकाशावर विसंबत नाही. मल्टिमीटरची काळी तार ५ वर आणि लाल तार आधी २ वर, मग ३ वर धरावी; ज्या पिनेवर उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास दाब दिसेल ती पाठवणारी, आणि शून्याजवळ राहील ती घेणारी. इंडिकेटर अखंड वजन पाठवत असेल तर आकडा हलतो, पण तेवढ्यावरूनही ओळख पटते. पाठवणारी पिन समोरच्या घेणाऱ्या पिनेला मिळाली की झाले. केबल सरळ घ्यायची की उलटी, हा प्रश्न मग उरत नाही. संगणकाची बाजू ठीक आहे की नाही हे पाहायला २ आणि ३ एका तारेने जोडून पुट्टी या टर्मिनल प्रोग्राममध्ये काही टंकावे. टंकलेले परत दिसले तर कनव्हर्टर निर्दोष आहे.

यानंतर जी गंमत झाली ती मी विसरणार नाही. वजने येऊ लागली, पण अर्धवट : ०, ३, ५, ६ आणि ९ हे अंक स्वच्छ उमटत आणि १, २, ४, ७, ८ यांच्या जागी चित्रविचित्र चिन्हे येत. दोन दिवस आम्ही सोल्डर पुन्हा पुन्हा तापवले. वायर खराब असती तर तिने अंक निवडून खराब केले नसते, हे उशिरा सुचले. इंडिकेटर सात बिट आणि सम पॅरिटीवर (१ असलेल्या बिटांची संख्या सम करणारा तपासणीचा जादा बिट) पाठवत होता, तर संगणक आठ बिट, पॅरिटी नाही, या बेताने वाचत होता. ज्या अंकांच्या संकेतात एकांची संख्या विषम असते त्यांचा आठवा बिट १ होतो आणि तेच बिघडलेले दिसतात. सेटिंग बदलताच एका मिनिटात प्रश्न मिटला.

खरा त्रास नोव्हेंबरात, जिनच्या मोटारी पूर्ण भाराने चालू झाल्यावर सुरू झाला. काटाघर ते ऑफिस हे अंतर सुमारे चाळीस मीटर आहे आणि सोयीसाठी आमची वायर मोटारीच्या तीन फेजच्या केबलबरोबर एकाच नालीतून नेली होती. मोटार सुरू होताना वजनाचा एखादा अंक गळून पडे. पावती बाहेरच्या मोठ्या आकड्यांच्या फलकाशी ताडूनच देत असल्याने कोणाचे नुकसान झाले नाही, एवढेच समाधान. आरएस-२३२ पन्नास फुटांपर्यंतच चालते असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः नंतरच्या मानकात मर्यादा अंतराची नसून केबलच्या धारितेची (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेची) म्हणजे २५०० पिकोफॅरडची आहे. नेटवर्कच्या कॅट-५ केबलची धारिता मीटरला सुमारे ५० पिकोफॅरड असते, म्हणजे चाळीस मीटर त्या मर्यादेत बसतात. जाळीच्या आवरणाच्या अनेक केबलींची त्याहून दुप्पट असते, त्यामुळे महाग केबल इथे लांब पल्ल्याची ठरेलच असे नाही. कॅट-५ वापरताना पाठवणारी आणि घेणारी तार एकाच पिळात घेऊ नये. प्रत्येकीबरोबर ग्राउंडची तार पिळलेली असावी. आम्ही नाली वेगळी केली, वेग सेकंदाला ९६०० बिटांवरून २४०० वर आणला आणि चुका बऱ्याच घटल्या, पण संपल्या नाहीत.

शेवटी जानेवारीत आरएस-४८५ या दुसऱ्या सिरीयल पद्धतीवर गेलो. यात दोन तारांमधील फरक वाचला जातो, त्यामुळे दोघींवर सारखाच येणारा मोटारीचा गोंगाट वजा होतो आणि कमी वेगावर १२०० मीटरपर्यंत काम चालते. इंडिकेटरजवळ लावलेला छोटा कनव्हर्टर आरटीएस आणि डीटीआर या संकेतांच्या पिनांवरून वीज घेणारा निघाला. आमच्या इंडिकेटरला २, ३ आणि ५ याच पिना जोडलेल्या असल्याने तो मेल्यासारखा पडून राहिला, आणि वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर दिल्यावर जागा झाला. खरेदीपूर्वी हे अवश्य विचारावे. या दोन तारांना दिलेली ए आणि बी ही अक्षरे सर्व उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत. आकडे आले नाहीत तर दोन तारांची अदलाबदल करून पाहावी, त्याने काही जळत नाही. तारांच्या टोकांना लावायचे १२० ओहमचे रोधक आम्हाला एवढ्या अंतरावर आणि वेगावर लागले नाहीत. संगणकाकडचा कनव्हर्टर मात्र आयसोलेशनचा (दोन्ही बाजू विजेने एकमेकींपासून तोडलेला) घेतला आणि केबलची जाळी ऑफिसच्या टोकालाच अर्थ केली, कारण काटाघर आणि ऑफिस यांचे अर्थिंग वेगळे आहे.

जानेवारीपासून हंगाम संपेपर्यंत एकही अंक गळला नाही. कनेक्टरबद्दल तक्रार आहे ती आमच्याच हयगयीची : बाजूचे स्क्रू न आवळल्यामुळे तो दोनदा सैल झाला, आणि त्याच्या उघड्या हुडात (आवरणात) रुईचे तंतू शिरून बसले. आता धातूचा हुड लावला आहे. मे महिन्यात वादळाचे ढग दिसले की चौकीदार दोन्ही टोके काढून ठेवतो. आयसोलेशन असले तरी जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचा भरवसा मी धरत नाही. उंदरांनी काटाघराजवळ केबलचे आवरण एका जागी कुरतडले आहे. तेवढा तुकडा पावसाळ्यापूर्वी लोखंडी पाइपातून न्यायचा आहे आणि पाइप कालच आला आहे.