उंच माल उचलायला ओव्हरहाइट फ्रेम की साखळ्या?

फ्लॅट रॅकवरचा, म्हणजे छत आणि बाजू नसलेल्या कंटेनरवरचा, माल कोपऱ्यांच्या खांबांच्या वर गेला की स्प्रेडर (क्रेनची कंटेनर पकडणारी चौकट) थेट बसत नाही. मग स्प्रेडरखाली स्वयंचलित ओव्हरहाइट फ्रेम, म्हणजे लांब पायांची चौकट, लावायची, नाहीतर चार साखळ्या.

फ्रेमचे खालचे ट्विस्टलॉक (कोपऱ्याच्या भोकात शिरून फिरणारे लॉक) स्प्रेडरच्या ट्विस्टलॉकच्याच हालचालीवर फिरतात. कंटेनरवर माणूस चढवावा लागत नाही. मात्र फ्रेमचं वजन क्रेनच्या क्षमतेतून वजा करायचं. खांब कललेला असेल तर एखादा लॉक कोपऱ्याच्या भोकात उतरतच नाही. चारही कोपऱ्यांचे इंडिकेटर ‘लॉक’ दाखवेपर्यंत उचल थांबवा.

साखळ्या स्वस्त खऱ्या, पण प्रत्येक हुक हातानेच अडकवायचा, तोही बहुधा शिडीवरून. शिवाय साखळी तिरकी ओढली की वरचे कोपरे आत दाबले जातात. म्हणून ओढ उभी ठेवणारी बीम हवीच. माल फ्रेमच्या पायांहूनही उंच असेल, तरच साखळ्या वापराव्यात.