पाती मोजली असती तर

जुन्या विमानांची घड्याळं आणि मापकं जमवायचा मला पंधरा वर्षांचा नाद. त्यातही मी-26, म्हणजे ते अगडबंब रशियन मालवाहू हेलिकॉप्टर, म्हटलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. काका वायुसेनेत तंत्रज्ञ होते, चंडीगडला. सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की ते धूड यायच्या आधी खिडकीच्या काचा थरथरायच्या.

दिवाळीच्या तोंडावर एकाने कॉकपिटमधलं घड्याळ विकायला काढलं. काळी तबकडी, रशियन अक्षरं, डावीकडे लाल कळ. 'भारतीय वायुसेनेच्या मी-26चं, 1971च्या युद्धातलं.' सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्र आणि हेलिकॉप्टरचा फोटो. सुटे भाग मिळेनात म्हणून यंत्र मोडीत काढलं, असं म्हणाला. हे पटण्यासारखंच होतं. आपल्याकडे मोजून चार मी-26, त्यातलं एक 2010 साली जम्मूला कोसळलं आणि बाकीची सुट्या भागांवाचून जमिनीवर बसून असल्याचं पेपरात येतच होतं. खऱ्या बातमीत खोटी गोष्ट बेमालूम बसवली होती.

1971वर मी अडखळलो होतो, हे सांगायला लाज वाटते. मी-26 पहिल्यांदा उडालं तेच 1977ला, आपल्याकडे आलं 1986ला. हे मला तोंडपाठ आहे. तरी मीच मनाशी म्हटलं, लिहिण्यात चूक झाली असेल, 1999 म्हणायचं असेल. विक्रेत्याला आणखी खोटं बोलायची गरजच पडली नाही, त्याची वकिली मीच केली. 'अजून दोघं मागे लागलेत' म्हटल्यावर रात्री साडेअकराला साडेचौदा हजार यूपीआयने पाठवले.

घड्याळ आलं. चावी दिली, टिकटिक सुरू. काकांना कौतुकाने सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ धरला आणि एवढंच म्हणाले, "पाती मोज."

पाच. मी-26ला आठ असतात. बत्तीस मीटर व्यासाचा पंखा आणि वीस टन उचलायची ताकद, ते पाच पात्यांवर कसं भागेल? फोटो मी-17 या लहान हेलिकॉप्टरचा होता. प्रमाणपत्रात कारखाना कझानचा लिहिलेला. मी-17 तिथे बनतं, मी-26 रोस्तोवला.

घड्याळ मात्र अस्सल सोव्हिएत आहे, आणि गोम तिथेच. हीच जात मिग-21मध्ये बसायची, मी-8मध्येही. नुसत्या घड्याळावरून ते कुठल्या यंत्रातलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. क्रमांक जुळणारी कारखान्याची पुस्तिका हवी. आणि माल खरंच वायुसेनेचा असेल तर लिलावाची पावती हवी. संरक्षण खात्याचं भंगार बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून जातं. पावती नसेल तर तो चोरीचा माल असू शकतो, मग फसलेल्या माणसालाच पोलिसांना उत्तरं द्यावी लागतील. मी यातलं काहीच मागितलं नव्हतं.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, तक्रारीचा क्रमांक मिळाला. पैसे अजून नाहीत. तसलंच घड्याळ नंतर एका ओळखीच्या संग्राहकाने साडेचार हजारांत देऊ केलं, म्हणजे वरचे दहा हजार गोष्टीचे.

गेल्या आठवड्यात त्याच माणसाने नवं घड्याळ टाकलंय. या खेपेला चिनूकचं म्हणून. अमेरिकी हेलिकॉप्टर, आणि तबकडीवर रशियन अक्षरं तशीच.