खळ्यात पडदा लागलाय, पण ब्योमकेशचा कुठला भाग लावू?

भाच्याचा मुंबईहून निरोप आला: "मामा, मे महिन्यात येतोय. खळ्यात चादर बांधून ब्योमकेश बघूया. पण एकच भाग हां, दुसऱ्याला पोरं झोपतात." ब्योमकेश म्हणजे 'ब्योमकेश बक्षी' ही दूरदर्शनवरची जुनी हिंदी गुप्तहेर मालिका. आमच्या वाडीत रेंज विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तरच येते, तेव्हा भाग आधीच देवगडात जाऊन उतरवून आणावा लागणार. म्हणजे निवड आत्ताच करायला हवी.

साधा सल्ला असा की पहिल्यापासून सुरू करावं. 'सत्यान्वेषी' हा पहिला भाग, त्यात गुप्तहेर ब्योमकेश आणि त्याचा पुढचा सोबती अजित यांची गाठ पडते. पण मूळ बंगाली कथा लिहिणारे शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी स्वतःच हा क्रम पाळला नव्हता. 1932 मध्ये त्यांनी आधी लिहिली काट्याची गोष्ट (मालिकेतला 'रास्ते का काँटा'), मग हिऱ्याची ('सीमंत हीरा'), आणि ओळख करून देणारी 'सत्यान्वेषी' त्यानंतर. (हे शरदिंदू पुढे पुण्यात राहायला आले आणि 1970 मध्ये तिथेच वारले. आपल्याकडे हे फार कुणाला ठाऊक नसतं.) तेव्हा क्रमाचं फार मनावर घेऊ नका.

खरी अडचण वेगळीच आहे. बासू चटर्जींची ही मालिका दूरदर्शनवर 1993 मध्ये आली, 1997 मध्ये पुन्हा नव्या भागांसह आली, आणि खळ्यात बसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती तेव्हाच पाहिलेली आहे. आमचे काका पाचव्या मिनिटाला सुपारी कातरता कातरता म्हणणार, "खून कोणी केलो तां माका आधीच कळला." आणि नुसतं म्हणून थांबणार नाहीत, नावही सांगतील. म्हणून माझी कसोटी दशावतारातून घेतलेली आहे. नाटकात कोण मरणार हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात. का, तर राजा आणि राक्षस आयत्या वेळी एकमेकांशी काय बोलतात ते ऐकायला. ज्याचं उत्तर आधी कळूनही माणूस चटईवरून उठत नाही, तो भाग खळ्यात लावायचा.

या कसोटीवर 'मकड़ी का रस' पार आडवा होतो. आणि मला स्वतःला तोच सगळ्यांत आवडतो, हे आधी सांगून टाकतो. एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला. घरातले रात्रंदिवस पहारा देतात, तरी त्याला कोळ्याच्या विषारी रसाची नशा मिळतेच. कुठून, कशी? ब्योमकेश तिकडे फिरकतही नाही. अजित जाऊन खोली बघून येतो, काय काय दिसलं ते सांगतो, आणि हा घरबसल्या उकल करतो. म्हणजे अजितला जेवढं दिसतं तेवढंच तुम्हालाही दिसतं, एवढा चोख व्यवहार दुसऱ्या भागात नाही. पण सगळं कोडं एका वस्तूवर उभं आहे. काकांनी तो एक शब्द उच्चारला की संपलं. शिवाय म्हातारा दिवसभर जे लिहीत बसतो ती काही पोथी नव्हे, त्यामुळे पोरांचे प्रश्न येणार. हा भाग एकट्याने, हेडफोन लावून बघा.

'रास्ते का काँटा' मधोमध बसतो. भर रस्त्यात माणसं कोसळतात, काळजात ग्रामोफोनची पिन सापडते, आवाज कुणी ऐकलेला नाही, हत्यार मिळत नाही. त्यातच वर्तमानपत्रातली ती जाहिरात: वाटेतला काटा काढायचा असेल तर अमुक वेळी दिव्याच्या खांबाला हात लावून उभे राहा. खांबाजवळ ताटकळणारा अजित बघताना उत्तर माहीत असूनही पोटात गोळा येतो. युक्ती मात्र हल्लीच्या हुशार पोरांना लवकर उमगते. हा भाग डोळ्यांपेक्षा कानांनी बघायचा, आणि खळ्यात रातकिडे आणि काकांचा अडकित्ता असताना ते कठीण.

'सत्यान्वेषी'ची गंमत मेसमध्ये आहे. एका छपराखाली परक्या गावचे पुरुष, खाली होमिओपॅथी डॉक्टर, वर एकेका खोलीत एकेकाचं गुपित. ज्यांनी लालबाग-परळला गावमंडळाच्या खोलीत वळकट्या टाकून आणि खानावळीत जेवून नोकऱ्या केल्या, त्या आमच्या वडिलांच्या पिढीला हे कलकत्ता परकं वाटत नाही. घरात असे दोन जण असतील तर बिनधास्त हाच लावा. खून कुणी केला हे विसरून ते खोलीभाड्यावरच बोलत बसतील.

पण पोरं, सुना, काका असा सगळा मेळा असेल तर 'सीमंत हीरा'. इथे चोर कोण हे लपवलेलंच नाही, म्हणजे काकांकडे सांगायला उरतंच काय? हिरा पळवणारा सर दिगिंद्रनारायण ब्योमकेश आणि अजितला बघताक्षणी ओळखतो आणि वर म्हणतो, शोधा माझं घर. पुढची सगळी मजा दोन हुशार माणसांच्या बोलण्यात. रजित कपूरचा ब्योमकेश एरवी शांत, इथे तो हरतो की काय अशी कळा त्याच्या चेहऱ्यावर येते. हे अगदी दशावतारातल्या युद्धाआधीच्या संवादासारखं आहे. हिरा कुठे आहे हे आठवत असलं तर उलट मजा वाढते, कारण तो समोर असताना सगळे भलतीकडे शोधतात. खून नाही, रक्त नाही, त्यामुळे रात्री परसात जायला पोरं घाबरणार नाहीत.

आईची मागणी निराळी आहे. तिला ब्योमकेशची पुढे बायको होणारी सत्यवती हवी, म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णी. सत्यवतीच्या भावावर खुनाचा आळ येतो ते प्रकरण मी दुसऱ्या रात्रीसाठी उतरवून ठेवलंय. के. के. रैनाचा अजित त्यात ब्योमकेशकडे ज्या नजरेने बघतो, तेवढ्यासाठी तरी ते बघावंच.

पहिल्या रात्री मात्र 'सीमंत हीरा'. चादर पांढरीच आण, मागच्या वर्षीची फुलाफुलांची नको.